पाव्हण्याची पिशवी

आमच्या माहेरी एक नियम होता. पाहुणा दारात आला की त्याच्या हातची पिशवी घ्यायची, खुंटीला अडकवायची, पाण्याचा गडवा द्यायचा आणि मग त्या पिशवीकडे पाठ करून बसायचं. आत काय आहे ते पाहायचं नाही. विचारायचं तर नाहीच नाही. माझी आई म्हणायची, "पाव्हण्याची पिशवी म्हणजे पाव्हण्याचं पोट. उघडून पाहू नये."

माहेर अकोल्याचं. बाप जिनिंगमध्ये हमाल, कापसाचे बोजे उचलायचा. आमच्याकडे येणारे पाहुणेही तसेच, हातावर पोट असलेले. एखाद्याच्या पिशवीत कालची अर्धी भाकर, दोन मिरच्या, बस. ती आपण पाहिली तर त्याची मान खाली जाईल, म्हणून तो नियम. मी पाच वर्षांची असताना मामाच्या पिशवीत बिस्किटं शोधायला हात घातला होता. आईनं मनगटावर अशी चापट ठेवून दिली की आजही ती आठवली की मी मनगट चोळते.

हा नियम मी माझ्या मुलाला शिकवला आणि पुढं नातीलाही. नातीला जरा जास्तच पक्का शिकवला, कारण मुलगा आणि सून सकाळी कामावर जायचे आणि पोरगी दिवसभर माझ्या पदराला. आता मला काय माहीत, याच नियमापायी ती एक दिवस नापास होईल, आणि तेही विमानाच्या परीक्षेत!

थांबा, नीट सांगते.

नातीनं इथं अमरावतीत कॉलेज केलं आणि मग नागपूरला एक वर्ग लावला. विमानातून जाणारा माल तपासून घ्यायचं काम शिकवतात तिथं. मला आधी वाटलं, हमालीच. म्हटलं, "माह्या बापानं कापसाचे बोजे उचलले, आता तू इमानाचे उचलतं का?" ती हसून लोटपोट झाली. मग तिनं समजावलं. विमानात माणसं वर बसतात आणि त्यांच्या पायाखाली, विमानाच्या पोटात, माल भरलेला असतो. त्या मालात पेटणारं, गळणारं, फुटणारं, विषारी असं काही निघालं तर एसटीसारखं रस्त्याच्या कडेला थांबून खाली उतरता येत नाही. म्हणून जे पाहायचं ते जमिनीवरच पाहून घ्यायचं. कोणता माल अजिबात जाणार नाही, कोणता जाईल पण थोडाच, तो कशात बांधायचा, खोक्यावर कोणती खूण लावायची, कागदावर काय लिहायचं, या सगळ्याचं एक पुस्तक असतं. इंग्रजी. आणि जाडी अशी की उशाला घेतलं तर मान अवघडेल.

पुस्तकाची परीक्षा ती पास झाली. नापास झाली ती हातच्या परीक्षेत. तिथं त्यांचे सर स्वतः माल पाठवणारे होऊन आले. या सरांनी आयुष्यभर मालाच्या गोदामात काम केलेलं. त्यांच्या हातात एक खोकं आणि कागदावर लिहिलेलं, 'घरगुती सामान'. नातीनं खोक्याचे कोपरे पाहिले, चिकटपट्टी पाहिली, पत्ता पाहिला. सगळं ठीक. मग विचारलं, "यात काय आहे?" सर म्हणाले, "काही नाही बेटा, भांडीकुंडी." ही म्हणाली, "बरं सर," आणि केली सही.

खोकं उघडलं तर कढईच्या आत थिनरचा डबा.

सर रागावले नाहीत म्हणे. शांतपणे म्हणाले, "तुला पुस्तक येतं. विचारता येत नाही. हा डबा आता तुझ्या सहीनं आभाळात गेला." पंधरा दिवसांनी आणखी एकदा परीक्षा होती. त्यात जे पास होतील त्यांना नागपूरच्या माल-गोदामात जागा होती. नाही झाली तर ती जागा दुसऱ्याची.

घरी आली ती सरळ खाटेवर बसली. बूटसुद्धा काढले नाहीत.

"काय झालं वं? तोंड असं कारल्यावानी काहून?"

"आजी, नापास झाली मी."

तिनं सगळं सांगितलं. मी म्हटलं, "अवं, मंग इचाराचं ना! भांडीकुंडी म्हणजे कोणती, कढईत काय हाय, इचारलं काहून नाही?"

"कसं इचारू? एवढा मोठा माणूस. भांडीकुंडी हाय म्हणे. मी काय त्याच्या सामानाची झाडाझडती घेऊ?" आणि मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "तूच तं शिकवलं."

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण दोनच पोळ्या.

मी चौथी शिकलेली बाई. पुढचं सगळं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवरचं. कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवली तेव्हा पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, मग डाळ डब्यात. त्यामुळं मला एक गोष्ट ठाऊक आहे, दुसऱ्याला सांगितलं की आपलं पक्कं होतं. मी तिला म्हटलं, "ते पुस्तक आण. मले समजावून सांग. मले समजलं तं समज तुले आलं."

झालं, आमची शाळा सुरू. धोक्याच्या मालाचे नऊ वर्ग असतात. ती वर्ग सांगायची आणि मी घरात फिरून तो शोधून आणायची. नेलपेंट आणि अत्तर सापडलं, ते पेटणारं पातळ. केसाला मारायचा फवारा निघाला, तो दाबून भरलेला वायू. संडास साफ करायची बाटली, ती अंग जाळणारी. पाण्यात टाकायची ब्लीचिंगची पूड दिसायला गरीब, पण ती दुसऱ्याच्या आगीला वारा घालते. फवारणीचं औषध शेजारच्या वावरवाल्यांकडं होतं, ते मी नुसतं लांबून दाखवलं. मोबाईल चार्ज करायची ती विटेएवढी बॅटरी तर सुनेच्या पर्समध्येच. सातवा वर्ग, किरणं सोडणारा, तो मात्र आमच्या घरात निघाला नाही. तेवढंच बरं.

एक पान मात्र पोरीला काही केल्या समजत नव्हतं. काडी न लावता आपोआप पेटणारे पदार्थ. ती म्हणे, "आजी, आपोआप कसं पेटन कायी?" मी म्हटलं, "तुह्या पणज्याले इचारलं असतं तं त्यानं सांगितलं असतं." जिनिंगमध्ये ओला कापूस गंजीत दाबून ठेवला की तो आतून तापतो. वरून थंडगार. हात आत घातला की ऊन लागतो. बाप सांगायचा, गंजीला धूर सुटायच्या आधी वास सुटतो. पोरीनं झटकन पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं, "आजी! ओला कापूस! लिहेल हाय अठी!" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. माझ्या बापाला जे नाकानं कळायचं ते इंग्रजी पुस्तकात छापलेलं! त्याच पानाच्या आसपास खोबरंही निघालं. आपलं सुकं खोबरं! वाट्या भरून आपण लेकीबाळींना पाठवतो ते. तेलकट असतं, तापतं, म्हणून त्यावरही नजर. मी खोबऱ्याच्या डब्याकडं दोन दिवस जरा जपूनच पाहिलं.

बिब्बा मात्र पुस्तकात नव्हता. मेळघाटाकडून आलेले बिब्बे मी फोडत असते, आतली गोडंबी लाडवात घालायला. त्याचं तेल अंगावर उतलं की फोड येतात, महिना महिना जात नाहीत. पोरीनं मागची यादी दोनदा चाळली. नाही म्हणाली. मी म्हटलं, "ज्यानं लिहिलं त्याच्या अंगावर कई उतला नसन."

खोक्यावर लावायच्या खुणा शंकरपाळ्याच्या आकाराच्या असतात. लाल शंकरपाळ्यावर ज्योत, पांढऱ्यावर कवटी, आणि एकावर हातावर थेंब पडून हात झिजतो असं चित्र. पोरीनं त्या कागदावर काढून रंगवल्या आणि घरभर लावल्या. कवटीचा कागद खळ लावून सुकायला ठेवला होता, नेमका चहाच्या डब्यावर. तेवढ्यात मोर्शीहून माझा दीर आला संत्र्यांची पिशवी घेऊन. मी पिशवी घेतली, खुंटीला लावली, पाहिलं नाही, आणि चहाचा डबा खाली काढला. दीर एरवी दोन कप घेणारा माणूस. डब्याकडं पाहून म्हणाला, "वयनी, चा नोको. आताच घेतला." आणि बसला नाही. संध्याकाळी मुलाला त्याचा फोन, "तुह्या मायचं डोकं बरोबर हाय ना गा?" पाहा बरं. एक शब्द विचारला असता तर गोडाचा चहा पिऊन गेला असता. पण आमच्या खानदानात विचारायची पद्धतच नाही ना!

तेव्हा मला उमजलं, पोरीचं दुखणं पुस्तकात नाहीच. ते आमच्या खुंटीवर आहे.

आमच्या शेजारी एक मास्तरीणबाई राहतात. निवृत्त झाल्यात. माहेर त्यांचं पुण्याकडचं. नव्या आल्या तेव्हा आमचं बोलणं ऐकून त्यांना वाटायचं की आम्ही रोज भांडतो. पण विचारण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. साडी केवढ्याची, जावई काय करतो, भाजीत गूळ घातलाय का, आणि घातला असेल तर का. मी त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, "बाई, माझ्या पोरीला चौकशा करायला शिकवा."

त्या म्हणाल्या, "हे मी कौतुक समजू का?"

दुसऱ्या दिवसापासून रोज चारच्या सुमारास आमच्या ओट्यावर विमानतळ. नात टेबलामागं बसायची. आम्ही बायका घरून पार्सलं बांधून आणायचो, आत काहीतरी लपवून. तिनं फक्त प्रश्न विचारून ते काढायचं. जिचं सापडलं नाही तिला दही घातलेला गिला वडा. जवळच्या बुद्धविहारातल्या बायकांना कळलं, त्याही आल्या. मग काय, रांग!

पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी डबा ठेवला. "लाडू आहेत, बाळा."

"बरं, काकू," नात म्हणाली.

"काय बरं? बरं काय? नापास! कसले लाडू, कोणी केले, डबा एवढा जड कसा, हे कोण विचारणार? तुझे सर?"

डब्याच्या तळाशी सुनेची ती बॅटरी होती. मास्तरीणबाईंनी गिला वडा सगळ्यांसमोर चवीनं खाल्ला.

चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पोरगी तीन-तीन प्रश्न विचारायला लागली. बायकाही तयार झाल्या. एकीनं कुंकवाच्या डबीत कापूर भरला. एकीनं उशीत फवारा शिवून आणला. विहारातल्या एका बाईनं पोराच्या बुटात फटाक्यांची माळ कोंबली आणि तोंडावर असा साधेपणा आणला की मीही फसले. नातीनं विचारलं, "मावशी, बूट कोणाचे?" "लेकाचे." "लेकाले पाठवून राहिली, मंग तो घालून काय गेला?" आख्खा ओटा हसला. मावशी म्हणाली, "हे घ्या! आता ही आपल्यालेच उलटी पडून राहिली."

मास्तरीणबाईंनी तिला एक गोष्ट शिकवली. म्हणाल्या, "हे बघ, प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नाही. मी चाळीस पोरांना रोज विचारायची, गृहपाठ केलास का? सगळी चोर होती म्हणून विचारायची का?" आणि लगेच पुढं म्हणाल्या, "तशी बरीचशी होती म्हणा."

पण एक अडचण राहिलीच. समोरचा म्हातारा असला, आणि त्याचा आवाज चढला, की पोरगी डोळे खाली घालायची. हात टेबलावर जिथल्या तिथं थिजायचा. आणि सर तर परीक्षेत आवाज चढवणारच. मी ठरवलं, शेवटची फेरी माझी. माझ्यापुढं तिची जीभ उचलली की जगात कोणापुढंही उचलेल.

आता इथं मला एक कबुली द्यावी लागेल. मी विडी ओढत होते.

दोन वर्षांपूर्वी खोकला धरला, डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून विडी बंद केली, आणि नातीनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घ्यायला लावली. घरात सगळ्यांना वाटत होतं, सुटली. सुटली नव्हती. कमी झाली होती. अकोल्याला माझी मोठी बहीण आहे, तिच्याकडं गेले की तिच्या गच्चीवर आम्ही दोघी विडी ओढत बसायचो. येताना ती मला विड्यांचा एक कट्टा आणि काडीपेटी द्यायची. ते मी मंजनाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून आणायची. मंजनाचा डबा कोण उघडतं? आमच्या घरी तर नाहीच.

परीक्षेच्या दोन दिवस आधी मी अकोल्याला गेले आणि बहिणीलाच घेऊन आले. म्हटलं, चल, आमचं विमानतळ पाहा. एसटीतून उतरलो ते थेट ओट्यावर. बायका जमलेल्याच होत्या. मी माझी पिशवी नातीच्या टेबलावर ठेवली. खेळासाठी मी तिळाच्या पेंडीत कापराच्या वड्या दडवल्या होत्या. माझं सगळं लक्ष त्या कापराकडं. मंजनाचा डबा पिशवीच्या तळाशी आहे, हे मी साफ विसरले. असं व्हावं का माणसाला? झालं खरं.

नात ताठ बसली. "पिशवीत काय काय हाय?"

"कपडे. तिळाची पेंड. मंजन," मी सवयीनं बोलून गेले. बोलले आणि मग तो डबा आठवला.

पेंड तिनं चार प्रश्नांत काढली. कापराच्या वड्या टेबलावर आल्या, बायकांनी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, सुटले. मी पिशवी ओढायला लागले.

"थांब, आजी. एक सापडलं म्हणजे संपलं असं नसते. मंजन कोणतं?"

"काळं."

"अकोल्याहून मंजन काहून आणलं? आपल्या घरी तं पेस्ट हाय."

माझी मोठी बहीण बाजूच्या खुर्चीत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला राग आला. खोटं पकडलं जायला लागलं की माणसाला राग येतोच. माझा आवाज चढला, खेळातला नव्हे, खरा. "दुसऱ्याच्या पिशवीत हात घालू नाही, हे शिकवलं नाही का मी तुले?"

आणि तिचा हात थिजला. डोळे खाली गेले. अगदी सरांसमोर गेले असतील तसे.  मास्तरीणबाईसुद्धा चष्मा काढून पुसायला लागल्या, म्हणजे पाहा.

ते पाहून माझ्या जिवाचं पाणी झालं. आईनं माझ्या मनगटावर ठेवलेली चापट मी आज तिच्या मनगटावर ठेवली होती, आणि कशासाठी, तर एका कट्ट्यासाठी. परवा नागपूरला सर आवाज चढवतील, आणि ही अशीच खाली पाहील, आणि जागा गेली. मी तोंड उघडणार, "सांगते बाई, सांगते," म्हणणार, तेवढ्यात तिनंच मान वर केली.

डोळ्यांत पाणी होतं. पण आवाज सरळ होता.

"मी हात घालून नाही राहिली, आजी. तू शिकवलं ते मले याद हाय. तुही पिशवी, तुहा डबा. तूच उघडून दाखव. नाही उघडाचं तं नको उघडू. पण मंग हे पार्सल जमिनीवरच राहीन."

मी तुम्हाला काय सांगू! इतकी वर्षं मला वाटत होतं की आईचा नियम आणि विमानाचा नियम एकमेकांच्या उरावर बसलेत. पोरीनं दोघांनाही एका खाटेवर बसवलं. कोणाच्या पिशवीत हात घातला नाही, आणि कोणाला सोडलंही नाही.

"अवं, उघड ना आता," मोठी बहीण म्हणाली. "पोट्टी इचारून राहिली."

उघडला. विड्यांचा कट्टा आणि काडीपेटी.  मग विहारातली ती बूटवाली मावशी म्हणाली, "हे मंजन लय कडक दिसते, माय!" आणि असा हशा उठला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. मीही हसले. दुसरं करणार काय?

नात मात्र हसली नाही. तिनं काडीपेटी उचलून एका बाजूला ठेवली. "ही चौथ्या वर्गात. न सांगता पार्सलात जात नाही." मग कट्टा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यासमोर ठेवला. "बिड्या इमानाले चालते, आजी. तुले नाही चालत."

तेव्हा माझे डोळे खाली गेले. ते बरोबरच होतं. त्या दिवशीचा गिला वडा सगळ्यांना मीच खाऊ घातला.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून फोन पदरात बांधून फिरत होते. मास्तरीणबाई तीनदा येऊन गेल्या. "आला का? का नाही आला? कधी येणार?" मी म्हटलं, "बाई, आज तुमचा एकही प्रश्न सहन होत नाही." त्या म्हणाल्या, "मग चहा ठेवा." चहा उकळला आणि फोन वाजला.

"आजी!" एवढ्यावरूनच कळलं.

सर या वेळी गावच्या म्हाताऱ्याचं सोंग घेऊन आले होते. काठीसुद्धा होती. कागदावर परत 'घरगुती सामान'. तिनं विचारायला सुरुवात केली तसे ते भडकले. "तुझ्या आजोबांच्या वयाचा आहे मी! मला चोर समजतेस?" आमची म्हणाली, "आजोबा, तुमचा मान आहेच. म्हणून तर मी हात लावत नाही. हा पिठाचा डबा तुम्हीच उघडा. नाही तर हे खोकं आज इथंच राहील." सर काठी टेकवून उभे राहिले. परत ओरडले. ती परत तेच बोलली. तिसऱ्यांदा ओरडायला गेले आणि त्यांनाच हसू आलं. पिठाच्या डब्यात लायटरमध्ये भरायच्या वायूची नळकांडी होती. मग त्यांनी विचारलं म्हणे, "हे 'तुम्हीच उघडा' कोणत्या पुस्तकात आहे?" ती म्हणाली, "आजीच्या."

"सरांना मंजनाचं नाही ना सांगितलं?" मी विचारलं.

"त्यायनं इचारलं नाही," ती म्हणाली.

आता ती नागपूरला असते. गोदामात टेबलामागं बसते, खरीखुरी खोकी तपासते. दर दोन वर्षांनी हीच परीक्षा परत द्यावी लागते म्हणे, म्हणून आमच्या ओट्यावरचं विमानतळ अजून बंद केलेलं नाही. बायकांनी करूच दिलं नाही. आणि आता तर आमच्या अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहूनही विमान उडायला लागलंय. ते घरावरून गेलं की मास्तरीणबाई आणि मी गच्चीवर जातो. पूर्वी मी नुसती त्याच्या पंखांकडं पाहायची. आता त्याच्या पोटाकडं पाहते. तिथं खाली कुठंतरी कोणीतरी बसून सगळ्या खोक्यांना विचारलेलं असेल, हे आठवतं आणि बरं वाटतं.

पहिल्या सुटीत ती घरी आली. मी दारातच तिच्या हातची पिशवी घेतली, खुंटीला लावली, गडवा दिला आणि पाठ करून बसले. ती पाणी प्यायली आणि तशीच उभी राहिली. बसेचना. शेवटी मीच वळले आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "काय हाय वं पिशवीत?"

"कई इचारतं, याचीच वाट पाहून राहिली होती," ती म्हणाली आणि स्वतःच्या हातानं पिशवी उघडली.

आत माझाच, त्या दिवसापासून गायब झालेला मंजनाचा डबा. घासून लखलखीत केलेला. आत बडीशेप, ओवा आणि लवंगा. आणि बाहेरून तिनं गोदामातल्यासारखी खूण चिकटवलेली, वर तोंड केलेले दोन बाण, म्हणजे ही बाजू वर ठेवा, उलटं करू नका.

तो डबा माझ्या उशाशी असतो. हात सवयीनं डब्याकडं जातो, लवंग सापडते. आठवड्यातून एकदा फोनवर ती विचारते, "डब्यात काय हाय?" आणि मी डबा फोनजवळ धरून खुळखुळ वाजवते. अमरावतीचं हे असं आहे, अगदी खरं.

अकोल्याच्या गच्चीचं मी काही सांगत नाही. तिथलं अजून तिनं विचारलेलं नाही.